आधी मैदान, मग विमान

भातसानगर, किन्हवली किंवा सरळगावच्या एखाद्या मुलीने घरी सांगितले, की मला इंटर्न म्हणून जॉर्डनला जाऊन तिथल्या मुलींना खेळ शिकवायचेत आणि राहता राहता अरबीही शिकायचीय, तर घरातून पहिला प्रश्न पैशाचा येत नाही. 'तिकडे कशाला?' हा येतो. प्रश्न रास्त आहे आणि ज्या मुलीपाशी त्याचे नीट उत्तर नाही, तिने अजून तिकीट काढू नये. हा लेख ते उत्तर तयार करण्यासाठी आहे.

जॉर्डनच का? या छोट्या देशात १९४८ पासून पॅलेस्टिनी, २००३ नंतर इराकी आणि २०११ नंतर सीरियन कुटुंबे निर्वासित होऊन आली. सीरियाच्या सीमेजवळची झातरी छावणी २०१२ मध्ये उघडली आणि पाहता पाहता तिचे गाव झाले. पण बहुतेक निर्वासित छावणीत नाहीत. अम्मान, झरका अशा शहरांत भाड्याच्या खोल्यांत राहतात. त्या खोल्यांतली मुलगी वयात आली, की तिचे अंगण संपते. अशा मुलींसाठी तिथे क्रीडा शिबिरे चालतात. 'रिक्लेम चाइल्डहूड' ही संस्था २००८ पासून अम्मान आणि झरका इथे मुलींचे खेळ आणि उन्हाळी शिबिरे घेते; प्रशिक्षक त्याच वस्त्यांतल्या बायका असतात. अम्मानमध्येच २०१४ साली उभ्या राहिलेल्या 'सेव्हन हिल्स' स्केटपार्कवर मुलींची वेगळी सत्रे होतात. मैदानात डोक्याला रुमाल बांधून फुटबॉल खेळण्याची अधिकृत परवानगी 'फिफा'ने २०१४ मध्ये दिली, तिच्यामागे जॉर्डनच्या राजघराण्यातल्या प्रिन्स अली यांचा पाठपुरावा होता. दोनच वर्षांनी १७ वर्षांखालील मुलींचा विश्वचषक जॉर्डनमध्ये झाला. हीच स्पर्धा २०२२ मध्ये भारतात आली, तेव्हा तिचे काही सामने नवी मुंबईत झाले.

दुसरे कारण भाषेचे. परदेशी विद्यार्थी पूर्वी अरबी शिकायला दमास्कसला जात. सीरियात युद्ध पेटल्यावर ती गर्दी अम्मानला वळली. त्यामुळे परदेशी माणसाला शिकवण्याची सवय असलेल्या संस्था आणि खासगी शिक्षक तिथे मुबलक आहेत.

पण परदेशातले शिबिर ही शेवटची पायरी आहे. आधीच्या जवळपास सगळ्या पायऱ्या आसनगावहून सुटणाऱ्या लोकलच्या मार्गावर आहेत आणि त्या चढल्याशिवाय गेलेली इंटर्न तिथल्या ताईंच्या डोक्याला ताप होते.

पहिली तयारी: इथल्या मुलींना शिकवा

स्वतः चांगले खेळणे आणि पंचवीस मुलींना खेळवणे ही दोन वेगळी कामे आहेत. दुसरे काम फक्त करूनच येते. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत आश्रमशाळा, जिल्हा परिषदेच्या शाळा आणि वसतिगृहे आहेत. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, रविवारी किंवा शाळा सुटल्यावरचा एक तास मागून घ्या आणि किमान एक सत्र, म्हणजे जून ते दिवाळी, तो तास चुकवू नका. ठाकूर, कातकरी, वारली मुली पळण्यात तुम्हाला मागे टाकतील. तुम्ही शिकायचे ते वेगळेच. कडेला उभी राहणारी मुलगी आत कशी आणायची, दोन भांडलेल्या मुलींना एकाच संघात कसे घ्यायचे, पाळीच्या दिवसांत 'मी नाही खेळत' म्हणणारीला न टोकता काय काम द्यायचे.

यातला सगळ्यात जवळचा धडा आपल्याच जिल्ह्यात आहे. मुंब्र्यात 'परचम' या संस्थेने मुस्लिम आणि हिंदू मुलींचा एकत्र फुटबॉल उभा केला. मुलींना खेळायला मोकळी जागा नव्हती, म्हणून त्यांनी सह्या गोळा करून मैदान मागितले. घरच्यांची समजूत, कपड्यांचा प्रश्न, मुलांनी बळकावलेले मैदान, अंधार पडायच्या आत घरी पोचण्याची घाई: अम्मानच्या शिबिरात जे प्रश्न भेटतात, ते मुंब्र्यात आधीच भेटतात. कल्याणला गाडी बदलली की मुंब्रा फार लांब नाही. संस्थेला कळवून, वेळ ठरवून जा. काम पाहा आणि जमले तर हातभार लावा. कर्जतजवळ 'मॅजिक बस'चेही केंद्र आहे. खेळातून मुलांशी बोलायचे कसे, याचा तिथे मोठा अनुभव आहे.

सोबत दोन प्रमाणपत्रे गाठीशी असू द्या. एक प्रथमोपचाराचे, सेंट जॉन ॲम्ब्युलन्सचे चालेल. दुसरे तुमच्या खेळातल्या प्राथमिक प्रशिक्षणाचे. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम नावाजलेला आहे; तो जमला नाही तर खेळाच्या जिल्हा संघटनेच्या शिबिराचेही चालते. घेतलेल्या प्रत्येक तासाची वहीत नोंद ठेवा: तारीख, किती मुली, काय खेळलो, काय फसले. अर्जात ही वही प्रमाणपत्रापेक्षा जास्त बोलते.

अरबी: कोणती, किती आणि कुठे

अरबी दोन पातळ्यांवर चालते. वर्तमानपत्र, पुस्तक, बातम्या यांची भाषा ती 'फुसहा'. घरात, बाजारात, मैदानात बोलतात ती 'आम्मिया', आणि तीही देशागणिक वेगळी. जॉर्डन, पॅलेस्टाइन, सीरिया, लेबनॉन या पट्ट्यातली बोली साधारण एका कुळातली आहे. शिबिरासाठी ती हवी. मात्र लिपी आणि व्याकरणाचा पाया फुसहाचाच घालावा लागतो, नाहीतर शिकवणी वरवरची राहते.

अपेक्षा आधीच बेताची ठेवा. अमेरिकी परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था आपल्या अधिकाऱ्यांना अरबीसाठी २२०० तासांचे वर्ग देते. तुम्हाला वर्षभरात लिपी, हजारभर शब्द आणि मैदानावरची बोली आली, तरी ती मोठी मजल आहे.

लिपीत २८ अक्षरे. उजवीकडून डावीकडे, शब्दातल्या जागेप्रमाणे रूप बदलणारी. ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीतच नाहीत. ज्यांनी लहानपणी मदरशात कुराण वाचले आहे, अशा पडघा, भिवंडी, शहापूरच्या मुलींची लिपी आणि उच्चार अर्ध्याहून अधिक झालेले असतात. त्यांना अर्थ आणि संभाषण तेवढे शिकायचे. बाकीच्यांना घशातले दोन-तीन आवाज त्रास देतात. ते कानानेच बसतात, त्यामुळे पहिले दोन महिने शिक्षक समोर असलेला बरा. हिशोब, तारीख, मदत, कायदा, सवाल असे मूळ अरबी शब्द मराठीत आहेतच. ते पाठांतराला आधार देतात, पण त्यांच्या अर्थावर डोळे झाकून विसंबू नका.

शिकायचे कुठे? मुंबई विद्यापीठाचा अरबी विभाग कलिना संकुलात आहे. आसनगाव ते कुर्ला लोकलने दीड तासाच्या आसपास लागतो, म्हणून शनिवार-रविवारच्या वर्गांची चौकशी आधी करा. राष्ट्रीय उर्दू भाषा विकास परिषदेचे अरबीचे प्रमाणपत्र आणि पदविका अभ्यासक्रम ठिकठिकाणच्या केंद्रांतून चालतात. भिवंडी, मुंब्रा, कल्याण या पट्ट्यात प्रवेशाच्या वेळी कुठले केंद्र सुरू आहे ते पाहा. पुस्तकांत व्ही. अब्दुर रहीम या भारतीय अभ्यासकाची मदिना विद्यापीठासाठी लिहिलेली मालिका पायाला उत्तम आहे. इंग्रजीची भीती नसेल तर जॉर्जटाउन विद्यापीठाचे 'अल-किताब' घ्या. त्यात फुसहासोबत बोलीही शिकवतात.

एक सावधगिरी. आखातातून परतलेले काका, मामा आपल्याकडे बरेच आहेत आणि ते हौसेने शिकवतात. पण कामगारांच्या वस्तीत चालणारी मोडकी अरबी बहुतेकदा क्रियापद बदलतच नाही. स्त्री, पुरुष, एक, अनेक सगळ्यांना एकच रूप. दुकानात ती चालून जाते. मुलींच्या शिबिरात पहिल्याच दिवशी हसू होते.

मैदानावरची अरबी बाईमाणसाची असते

पाठ्यपुस्तकात आज्ञार्थ पुरुषाला उद्देशून दिलेला असतो. शिबिरात समोर मुली असतात आणि अरबीत मुलीला दिलेली आज्ञा वेगळी. मुलाला 'तआल', मुलीला 'तआली' म्हणजे ये. 'शूफ'चे 'शूफी', बघ. 'इश्रब'चे 'इश्रबी', पी. 'उर्कुद'चे 'उर्कुदी', धाव. 'आलास' आणि 'आलीस' यातला फरक मराठी मुलीच्या तोंडात जन्मापासून असतो, त्यामुळे ही गोष्ट आपल्याला चटकन जमते. फक्त पहिल्या दिवसापासून सगळी क्रियापदे स्त्रीलिंगी रूपात पाठ करा. अम्मानच्या बोलीत पुष्कळ मुलींना एकत्र बोलावताना वेगळे स्त्रीलिंगी रूप लागत नाही. 'यल्ला या बनात' म्हणजे 'चला मुलींनो'. अम्मानमध्ये बायका आणि पुरुष काही अक्षरेही वेगळी उच्चारतात: 'क़ाफ' या अक्षराऐवजी पुरुष बहुधा 'ग' म्हणतात, तर शहरी बायका तो घशात गिळतात. तुमचा वावर बायकांत असणार, म्हणून शक्यतो शिक्षिकाच शोधा.

पाऊण तासाच्या सत्राला किती भाषा लागते ते पाहा. समजा तुम्ही लंगडी घेताय. गोल आखायचा, एका मुलीला पुढे बोलवायचे: 'तआली'. नाव विचारायचे: 'शू इस्मिक?' स्वतः एका पायावर उडी मारून दाखवायची आणि म्हणायचे, 'शूफी'. संघ पाडायला 'वाहद, तनेन, तलाते'. दिशा सांगायला 'यमीन' उजवी, 'शिमाल' डावी. सुरू करायला 'यल्ला', दम धरायला 'शुवै शुवै', थांबवायला 'खलस', शाबासकीला 'मुमताझ'. मुलगी पाय धरून बसली तर 'वेन बूजअिक?', म्हणजे कुठे दुखतंय. पाणी म्हणजे 'मय्य', ऊन म्हणजे 'शम्स', चक्कर म्हणजे 'दोखा'. पंधरा-वीस शब्दांत सत्र निघते. हे शब्द वहीत नव्हे, आश्रमशाळेच्या मैदानात स्वतः उड्या मारत पाठ करा. दम लागलेला असताना जे आठवते तेच खरे आलेले.

फुटबॉल आणि बास्केटबॉल शिकवणाऱ्या ताई तिथे आहेतच. तुमच्यापाशी वेगळे आहे ते लंगडी, खो-खो, कबड्डी. यांना साहित्य लागत नाही, गच्चीवर किंवा बंद हॉलमध्येही भागते. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या मुलींनी तो महाराष्ट्राच्या प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली जिंकला, हे सांगितले की मुलींचे कान टवकारतात. लगोरी मात्र शिकवायला जाऊ नका. सात दगडांचा तसाच खेळ तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तो त्यांच्याकडून शिका. शिबिराच्या पहिल्या आठवड्यात ओळख करून घ्यायला यापेक्षा सोपा मार्ग नाही.

संस्था पारखून घ्या

परदेशी स्वयंसेवा हा आता धंदाही झाला आहे. मोठे शुल्क घेऊन दोन आठवडे 'सेवा' करवणाऱ्या कंपन्या पुष्कळ आहेत. अर्जाआधी संस्थेला हे प्रश्न लेखी विचारा आणि उत्तर लेखीच मागा:

• परदेशी इंटर्न नसतील त्या महिन्यांत तुमचे काम चालते का? 'नाही' असे उत्तर आले, तर जाऊ नका.
• मुख्य प्रशिक्षक स्थानिक आहेत का आणि त्यांना मानधन मिळते का?
• मुलांच्या संरक्षणाचे लेखी धोरण आहे का? माझी पोलीस पडताळणी आणि संदर्भ तुम्ही तपासणार का? जी संस्था हे विचारतच नाही, तिच्यावर मुली सोपवलेल्या आहेत हीच काळजीची बाब.
• मी राहणार कुठे, कोणासोबत? मैदानापर्यंत ने-आण कशी?
• कोणता व्हिसा लागेल? मुक्काम वाढला तर नोंदणी कुठे करायची?
• मी पैसे भरत असेन, तर कशाचे किती?

आणि मध्ये एजंट नको. 'आधी टुरिस्ट व्हिसावर चला, पुढचे तिकडे बघू' असे कोणी म्हणाले, की तिथेच हात जोडा. असे गेलेल्या बायकांच्या सुटकेसाठी दूतावासांना धावपळ करावी लागते.

कागद आणि पैसा

पासपोर्ट सगळ्यात आधी. ३६ पानी साध्या पासपोर्टचे शुल्क १५०० रुपये. आपल्याकडे अडते ते नावापाशी: दहावीच्या गुणपत्रिकेवर एक, आधारवर दुसरे, जन्मदाखल्यावर तिसरेच. हे जुळवून घ्यायला महिने जातात, म्हणून अरबीच्या पहिल्या तासाआधी हे काम हातात घ्या. दहावी उत्तीर्ण असाल तर पासपोर्टवर 'इमिग्रेशन चेक'चा शिक्का येत नाही. त्याखालच्या शिक्षणावर तो येतो, आणि ज्या देशांत नोकरीला जाण्यासाठी त्यामुळे सरकारी मंजुरी लागते, त्या यादीत जॉर्डनही आहे. प्रवासाच्या तारखेपासून पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक असावी. पोलीस पडताळणीचे प्रमाणपत्र पासपोर्ट सेवेतूनच ५०० रुपयांत मिळते. संस्थेने मागण्याआधी काढून ठेवा. व्हिसाचे नियम बदलत असतात, म्हणून ते दूतावासाकडूनच समजून घ्या, ओळखीच्या माणसाकडून नव्हे.

खर्चाचे खाते मांडताना तिकीट, विमा, राहणे-जेवण, अरबीची शिकवणी आणि किरकोळ अशी पाच सदरे करा. सहावे सदर न मोडायच्या पैशाचे: ऐनवेळी परतीचे तिकीट काढता येईल इतकी रक्कम. जॉर्डनचा दिनार १९९५ पासून डॉलरशी बांधलेला आहे. एक दिनार म्हणजे साधारण एक डॉलर एक्केचाळीस सेंट, रुपयांत शंभराच्या बऱ्याच वर. अम्मान स्वस्त नाही. आदिवासी विकास विभागाची आणि केंद्राची परदेशी शिष्यवृत्ती पूर्ण पदवी अभ्यासक्रमासाठी असते, अशा इंटर्नशिपसाठी नाही. त्या आशेवर बेत आखू नका. आणि यासाठी कर्ज तर मुळीच काढू नका. पैसा जमला नाही तर एक वर्ष थांबा. शिबिर पुढच्या उन्हाळ्यातही भरते.

तिथे पोचल्यावर

आठवड्याची सुट्टी शुक्रवार-शनिवार, कामाचा आठवडा रविवारपासून. घड्याळ आपल्याहून अडीच तास मागे. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी कोरडे ऊन, म्हणून सत्रे सकाळी किंवा उतरत्या उन्हात. सैल ट्रॅकपँट आणि लांब बाह्यांचे टी-शर्ट न्या.

बंद हॉलमधले नियम जिवापाड पाळा. पुरुष नाही अशी खात्री असते, म्हणूनच मुली तिथे डोक्याचा रुमाल काढून खेळतात. त्या हॉलमध्ये मोबाइलचा कॅमेरा उघडणे हा विश्वासघात आहे. एक फोटो बाहेर गेला, तर एखाद्या मुलीचे खेळणे कायमचे बंद होऊ शकते. निर्वासित कुटुंबाला त्याहून मोठा धोकाही असू शकतो. 'शिबिराची आठवण' म्हणून चेंडूचा, मैदानाचा फोटो काढा. मुलींचा नको.

मुलींना युद्धाच्या कहाण्या विचारू नका. ज्या सांगतील त्यांचे ऐका आणि गंभीर काही असेल तर प्रमुख ताईंना सांगा. शेजारच्या वडीलधाऱ्या बाईला 'खाल्तो', म्हणजे मावशी, आणि दुकानदाराला 'अम्मो', म्हणजे काका म्हणा. एखाद्या मुलीच्या आईला नावाने हाक मारत नाहीत. थोरल्या मुलाच्या नावाआधी 'उम्म' लावतात, आपल्याकडे गावात 'बाळूची आई' म्हणतात तसे.

पाण्याच्या बाबतीत मात्र शहापूरच्या मुलीला कोणी काही शिकवायला नको. जॉर्डन जगातल्या सर्वांत कमी पाण्याच्या देशांपैकी एक आहे. अम्मानमध्ये नळाला पाणी बहुतेक ठिकाणी आठवड्यातून एकदा येते आणि गच्चीवरच्या टाकीवर घर चालते. भातसा धरण मुंबईला तिच्या पाण्यातला जवळपास निम्मा वाटा देते आणि उन्हाळ्यात शहापुरातल्याच पाड्यांवर टँकर येतो. ते बघत वाढलेली मुलगी यजमानांच्या घरी बादली भरून आंघोळ करेल, शॉवर सोडून उभी राहणार नाही. अशा गोष्टींवरूनच यजमान पाहुणीला जोखतात.

सुरक्षेचे गांभीर्य कमी लेखू नका. जून २०२५ मध्ये इस्रायल-इराण संघर्ष भडकला, तेव्हा जॉर्डनने काही काळ हवाई क्षेत्रच बंद केले होते. निघण्याआधी परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचना वाचा, पोचताच अम्मानमधल्या भारतीय दूतावासात नोंद करा आणि अडचणीसाठी मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलची माहिती घरच्यांनाही देऊन ठेवा. परिस्थिती बिघडली असेल तर बेत रद्द करण्यात कमीपणा नाही.

वेळ कधीची साधावी

इथे एक अडचण आहे, तिचा विचार आधीच करा. आपली सुट्टी एप्रिलअखेर ते जूनची सुरुवात. तिथली शिबिरे जून सरता सरता सुरू होऊन ऑगस्टपर्यंत चालतात. कॉलेज बुडवून जाण्यापेक्षा पदवीचे शेवटचे वर्ष संपल्यावरचा उन्हाळा धरा. नव्या शैक्षणिक धोरणातल्या प्रत्यक्ष कामाच्या श्रेयांकांत ही इंटर्नशिप बसवता येते का, हेही विभागप्रमुखांना आधीच विचारा. म्हणजे वेळापत्रक असे होते: आदल्या वर्षी जूनमध्ये शाळेतला तास आणि पासपोर्टचा अर्ज, जुलैपासून अरबी, दिवाळीच्या सुट्टीत मुंब्रा किंवा कर्जतचा अनुभव, डिसेंबरमध्ये शिक्षकांची शिफारसपत्रे, जानेवारीत संस्थांना पत्रे, आणि होकार लेखी हातात आल्यावरच तिकीट. वय अठरा पूर्ण हवे.

आई-बाबांना हे सगळे कागद दाखवा: संस्थेचे निमंत्रण, राहण्याचा पत्ता, प्रमुख ताईंचा फोन नंबर, परतीची तारीख. संस्थेतल्या बाईंशी त्यांचे एकदा व्हिडिओवर बोलणे करून द्या. पोरगी हट्टाला पेटलीय असे वाटले की घर अडते. तिने वर्षभर तयारी केलीय हे दिसले की निम्मा विरोध आपोआप विरतो.

आणि पालकांना एक विनंती. तयारी करूनही मुलीचे जाणे झाले नाही, तर वर्ष वाया गेले असे म्हणू नका. वर्षभर एका आश्रमशाळेतल्या मुली नियमाने खेळल्या, घरात एका नव्या भाषेची भर पडली आणि प्रथमोपचार जाणणारी, गर्दी हाताळू शकणारी एक प्रशिक्षक तालुक्याला मिळाली. शहापूर-मुरबाडला अशा प्रशिक्षक मुलींची गरज अम्मानइतकीच आहे. तेव्हा पासपोर्टचा अर्ज भरा, पण त्याच आठवड्यात जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांनाही भेटा.